स्वयंजुळणी की स्वयंजुळवणी? आणि पिंजरा की बुट्टी?

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची लेक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. 'मेटल-लिगंड नॅनोकेज' (धातूचे अणू आणि त्यांना धरून बसणारे रेणू, म्हणजे लिगंड, यांचा अतिसूक्ष्म पिंजरा) आणि 'सेल्फ-असेंब्ली' (त्याचे तुकडे आपसूक जुळणं) हे आजोबांना मराठीत कसं सांगायचं यावर घरात खल झाला आणि 'धातूची नॅनोबुट्टी' व 'स्वयंजुळवणी' हे शब्द निघाले. ते बरोबर आहेत का?

आधी दुसरा शब्द घेते, कारण खरी गोम तिथे आहे. 'स्वयंजुळवणी' नको. जुळवणं म्हटलं की जुळवणारा आला, जुळणं आपसूक होतं. सोयरीक मामा जुळवतो, मनं जुळतात. या एका 'व'मध्ये सगळं रसायनशास्त्र बसलंय. जपानच्या माकोतो फुजिता यांनी १९९५ मध्ये केलेला पिंजरा बघा. पॅलेडियम या धातूचे सहा अणू आणि तीन टोकांचे चार लिगंड. प्रत्येक पॅलेडियमचे दोनच हात, म्हणजे बंध जोडायच्या जागा, मोकळे, तेही काटकोनात. सहा दुणे बारा, चार त्रिक बारा. एकही टोक उरत नाही. कुणी एकेक तुकडा उचलून बसवलेला नाही. पाण्यात एकत्र केले, जुळले. अक्षरजुळणी माणूसच करायचा, हे खरं, म्हणून नुसतं 'जुळणी' पुरणार नाही, 'स्वयंजुळणी' म्हणा. आजोबांना तर 'आपोआप जुळतात' एवढं पुरे.

म्हणूनच 'बुट्टी' मला पटत नाही. शब्द आपला आहे. पुण्याकडे टोपली म्हणतात तिथे बेळगाव-खानापुरात बुट्टी, कन्नडमध्येही बुट्टीच. पण बुट्टी विणावी लागते. बुरूड आधी बांबूच्या पट्ट्या आडव्या-उभ्या टाकून बूड करतो, मग कड वळवत वर येतो. मध्येच उठला तर बुट्टी अर्धीच राहते. शिवाय तिची वीण दाट. नॅनोकेजला गज असतात आणि गजांमध्ये फटी. तेव्हा 'पिंजरा'च. मूळ संस्कृत 'पंजर'. आपल्याकडे तो 'अस्थिपंजर'मध्ये उरला, कन्नड शेजारी मात्र पक्ष्याच्या पिंजऱ्याला आजही पंजरच म्हणतात.

या फटी महत्त्वाच्या आहेत. पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेटतो. २००९ मध्ये केंब्रिजच्या जोनाथन निट्श्के यांच्या गटाने तो लोखंडाच्या चार अणूंच्या पिंजऱ्यात ठेवला, आणि तो हवेत टिकला. प्राणवायू आत शिरत नाही म्हणून नव्हे. त्याच्याशी जोडला जाताना फॉस्फरस जेवढा फुगेल तेवढी आत जागाच नाही. बेंझीन घातलं की ते आत जागा घेतं आणि फॉस्फरस बाहेर पडतो. बंद डब्याचा शब्द इथे चाललाच नसता.

लिगंडला 'दुवा' म्हणावं असा मोह मलाही झाला. पिंजऱ्यात ते शोभतं, पण एकाच धातूला धरून बसलेला अमोनियाही लिगंडच असतो. तो कुणाला कुणाशी जोडतो? मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'बांधणं'. लिगंडच राहू द्या.

आणि 'स्टेबल'ला सरसकट 'पक्का' म्हणू नका. पॅलेडियमचे बंध सुटतात, पुन्हा जुळतात. चुकीची जोडणी अशीच सुधारते आणि शेवटी पिंजरा स्थिर होतो. पहिल्याच फटक्यात पक्कं बसलं असतं तर चूकही पक्की झाली असती. प्लॅटिनम या धातूची अडचण हीच. त्याचे बंध सहसा हलत नाहीत, म्हणून फुजितांनी ते तापवून जुळू दिले आणि थंड करून कुलूप घातलं. त्या थंड झालेल्या पिंजऱ्याला खुशाल 'पक्का' म्हणा.