तोक्योत ऑफिसनंतर दारू प्यावीच लागते का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात नोकरीसाठी तोक्योला चाललोय, दारू पीत नाही, तर तिथे ऑफिसनंतरचं पिणं सक्तीचं असतं का. मी तिथे सहा वर्षं काढली आणि दारूला तोंड लावलं ते मोजून दोनदा. तेव्हा काळजी करू नका, पण बसायला मात्र जा.

या बैठकीला 'नोमिकाई' म्हणतात आणि ती बहुधा 'इझाकाया'त, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यात होते. आपल्याकडच्या परमिट रूमचा अंधार इथे नसतो. लख्ख दिवे, आरडाओरडा, शेजारच्या टेबलावर आजीबाईसुद्धा असतील. बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी पुढ्यात येते. मला वाटलं फुकटचा चखणा! तो 'ओतोशी', आणि त्याचे माणशी तीन-चारशे येन बिलात लागतात. शाकाहारी असाल तर उकडलेल्या एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा मागा. थंड तोफू निर्धास्त मागवू नका, त्यावर माशाचा कीस भुरभुरलेला असतो.

पहिली फेरी बहुतेक सगळे बीअरच मागवतात. तुम्ही सरळ 'ऊरोन चा' म्हणा. हा थंडगार, बिनसाखरेचा चहा ग्लासात दिसतो व्हिस्कीसारखाच. 'कानपाई', म्हणजे आपलं 'चीअर्स', होईपर्यंत घोट घ्यायचा नाही, आणि ग्लास टेकवताना आपला साहेबांच्या ग्लासापेक्षा जरा खाली धरायचा. त्यानंतर तुमच्या ग्लासात काय आहे हे कुणी बघत नाही. बघतात ते शेजाऱ्याचा ग्लास रिकामा झालेला तुमच्या लक्षात आला का, ते. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा, बाटली दोन्ही हातांनी धरून. मी हे काम इतकं मन लावून केलं की आमच्या विभागात न पिणारा मीच सगळ्यात जास्त बैठकांना बोलावला जायचो.

का जा म्हणतोय? दिवसभर 'हो, बघू' यापलीकडे न बोलणारे आमचे साहेब तिसऱ्या ग्लासानंतर खरं बोलायचे. माझा कुठला प्रस्ताव का अडलाय हे मला मीटिंगमध्ये कधीच कळलं नाही, शिम्बाशीच्या पुलाखालच्या एका कोंबडी भाजणाऱ्या दुकानात कळलं. मात्र ते दुसऱ्या दिवशी उकरून काढायचं नाही. रात्रीचं रात्रीपाशी.

सक्ती आता बरीच ओसरली आहे. आग्रह करकरून पाजण्याला तिथे 'आरुहारा' म्हणतात, म्हणजे दारूवरून छळ. तरुण पोरं इतकं कमी पितात की 2022 साली तिथल्या राष्ट्रीय कर खात्याने दारूचा खप वाढवायला तरुणांकडूनच कल्पना मागवल्या होत्या! (आपल्याकडे परवाना काढायला लावतात.)

दोन गोष्टी सांभाळा. काबुकिचो या तोक्योतल्या बार-क्लबांच्या वस्तीत रस्त्यावर हाताला धरून 'या, स्वस्त आहे' म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. आणि प्यायलेल्याच्या गाडीत, तो प्यायलाय हे माहीत असताना बसलात, तर न पिताही तुम्ही गुन्हेगार.

बाकी खरा मालक शेवटची लोकल. साडेबाराच्या आसपास गाड्या संपतात त्या पहाटे पाचच्या सुमारापर्यंत. एका डिसेंबरात, वर्षअखेरच्या 'बोनेन्काई'हून परतताना मला मेट्रोच्या तोझाई लाइनवर झोप लागली. घर निशी-कासाईला, जाग आली पार शेवटच्या निशी-फुनाबाशी स्टेशनात. स्टेशनवाल्याने मला हळूच उभं केलं, 'बरं आहे ना?' विचारलं आणि तोल जाईल म्हणून जिन्यापर्यंत सोबत आला. चार ग्लास चहा प्यायलोय हे सांगण्याइतकं जपानी तेव्हा येत नव्हतं. पहाटेपर्यंत एका मांगा कॅफेच्या, म्हणजे रात्रभर उघड्या कॉमिक्स वाचायच्या दुकानाच्या, खुराड्यात पडलो.

सकाळी ऑफिसात पोचलो तर साहेबांनी डोळे बघून मूकपणे एक छोटी बाटली पुढे केली. 'उकोन नो चिकारा', उतारा म्हणून घ्यायचं हळदीचं पेय. त्यांना वाटलं काल मी चोरून घेतली. मी वाकून आभार मानले आणि प्यायलो. आजीच्या हळदीच्या दुधापेक्षा गोड होतं.