तीन मुलं, तीन इयत्ता: होमस्कूलिंगला अभ्यासक्रम कोणता घ्यायचा?

ताई, तुमची मुलं ६, ९ आणि १३ वर्षांची, आणि तिघांना तीन वेगळे महागडे सेट घ्यायचे का असं विचारलंय तुम्ही, तर माझं स्पष्ट मत, नका घेऊ. माझी पण तीन आहेत, आम्ही जळगाव जिल्ह्यात चोपड्याला राहतो. गणित आणि भाषा तेवढी ज्याची त्याची लेव्हल बघून वेगळी ठेवा, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीच पुरतात. बाकी विज्ञान, भूगोल, इतिहास तिघांना एकत्रच.

आम्ही महिनाभर फक्त तापी नदी हाच विषय घेतला होता. धाकट्याने नदीचं चित्र काढलं न आजीकडून पाण्याचे अहिराणी शब्द गोळा केले, मधलीने उगमापासून, म्हणजे मुलताईपासून, सुरतेपर्यंत नकाशा काढला, आणि मोठा विचारत बसला की बाकीच्या बऱ्याच मोठ्या नद्या पूर्वेला जातात तर ही पश्चिमेलाच का, मग खचदरी (जमीन खचून झालेली दरी), हतनूर धरण, केळीला पाणी किती लागतं, सगळं त्यातूनच निघालं. धाकटा ऐकून ऐकूनच इतकं शिकतो ना, वेगळं शिकवावं लागत नाही.

तुमच्या मोठ्याचं मात्र आत्ताच ठरवा. एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेतून, दहावीला बसायला किमान १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नाहीये, विषय निवडून एनआयओएसचीच पुस्तकं सुरू करा. सकाळचा पहिला तास त्याला एकट्याला द्या, तेव्हा लहान दोघं आजीजवळ.