उत्तर: दुसरा गुडघा, ड्राफ्टचे वर्ष आणि विमा कार्यालयाचे ‘जुने दुखणे’

ताई, तुमचा मुलगा मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, म्हणजे ‘फूटी’च्या, १८ वर्षांखालील टॅलेंट लीगमध्ये हाफ-बॅक फ्लँकवर (बचावफळीच्या बाजूला) खेळतो, डाव्या गुडघ्याची एसीएलची (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या लिगामेंटची, म्हणजे अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया पूर्वी होऊन गेली आहे, आता सामन्यात उजव्या गुडघ्याची एसीएल तुटली आहे, आणि ड्राफ्टचे, म्हणजे व्यावसायिक क्लब तरुण खेळाडू निवडतात ते, वर्ष तोंडावर असताना त्याने व्यावसायिक फूटीचा नाद सोडावा का, असा तुमचा प्रश्न आहे. त्याच पोस्टमध्ये तुम्ही जाता जाता लिहिले आहे की रुग्णालय विम्याच्या कंपनीकडून ‘कागदपत्रे तपासणीत आहेत’ याखेरीज काही उत्तर मिळत नाही. इतर सदस्यांनी पहिल्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले आहे. मला या क्षणी दुसरी गोष्ट अधिक तातडीची वाटते, कारण आमच्या घरी नेमके हेच घडले होते आणि मुलाच्या वाटचालीचे सर्वांत मोठे नुकसान मैदानावर नव्हे, तर विमा कंपनीच्या कार्यालयात झाले.

मी डॉक्टर नाही आणि विमा सल्लागारही नाही. नियम बदलतात, प्रत्येक पॉलिसीची कलमे वेगळी असतात, त्यामुळे खाली लिहिलेले स्वतःच्या कागदांशी ताडून पाहावे. एसीएल म्हणजे काय, फिजिओ का टाळू नये, सूज उतरेपर्यंत काय करावे, या गोष्टी एका शस्त्रक्रियेतून गेलेल्या घराला सांगण्याची गरज नाही.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. अनेकांनी कार्लटन क्लबच्या सॅम डॉकर्टीचे उदाहरण दिले आहे आणि ते खरोखरच थोर आहे. २०१७ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात) निवडला गेलेला हा बचावपटू त्याच वर्षाअखेर सरावात एसीएल तोडून बसला, २०१८ मध्ये पुनर्वसन चालू असताना तोच गुडघा पुन्हा गेला, दोन पूर्ण हंगाम हातचे गेले, पुढे वृषणाचा कर्करोग झाला, तो उलटला, केमोथेरपी झाली, आणि २०२२ च्या पहिल्या फेरीत रिचमंडविरुद्ध मैदानात परतून त्याने गोलही केला. २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा एसीएल गेली, तरी त्याच हंगामाच्या अखेरीस तो खेळताना दिसला. मला त्याच्याबद्दल नितांत आदर आहे. पण १७ वर्षांच्या मुलासमोर एवढी एकच कहाणी ठेवणे मला पटत नाही, कारण पहिली दुखापत झाली तेव्हा डॉकर्टी स्थिरावलेला, करारबद्ध खेळाडू होता. त्याच्या मागे क्लबची वैद्यकीय यंत्रणा होती, आणि शस्त्रक्रिया कधी, कुठे व कोणाच्या पैशाने होणार हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

त्याच्याबरोबर सिडनी स्वान्सच्या ॲलेक्स जॉन्सनची कारकीर्दही वाचावी. २०१२ च्या अंतिम सामन्यात सिडनीने हॉथॉर्नला १० गुणांनी हरवले तेव्हा हा २० वर्षांचा मुलगा सिडनीच्या बचावफळीत होता. २०१३ च्या हंगामपूर्व सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याची एसीएल तुटली. त्यानंतर त्या एकाच गुडघ्याची पाच वेळा पुनर्रचना करावी लागली, मध्ये जंतुसंसर्गासारख्या अडचणी आल्या, आणि जवळपास सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तो कॉलिंगवूडविरुद्ध मुख्य संघातून पुन्हा खेळला. सिडनीने तो सामना जिंकला आणि सहकाऱ्यांनी त्याला गराडा घातला. पुढच्याच सामन्यात मेलबर्नविरुद्ध त्याच्या उजव्या गुडघ्याची एसीएल तुटली, आणि त्या वर्षाअखेर क्लबने त्याला मुक्त केले. ज्या गुडघ्यावर एवढी वर्षे खर्ची पडली तो टिकला आणि दुसरा गेला, हे तुमच्या मुलाच्या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. एका पायाची एसीएल गेलेल्या तरुण खेळाडूला दुसऱ्या पायाचाही धोका वाढलेला असतो हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. म्हणजे दुसरी दुखापत झाली म्हणून पहिल्या वेळी कोणाची हयगय झाली असे म्हणता येत नाही. पण ‘हा गुडघा आधीपासूनच दुखावलेला होता’ असेही त्यातून सिद्ध होत नाही. हा फरक मनात ठेवावा. विम्याचे सगळे भांडण त्याच्यावरच उभे राहते.

त्याच २०१२ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटात निर्णायक गोल करणारा निक मालचेस्की हाही सिडनीचा बचावपटूच होता. त्याच्या गुडघ्यात २००८ मध्ये कृत्रिम लिगामेंट बसवले गेले होते आणि तो त्याच हंगामात परतला होता. त्या काळी अनेक पालकांना हा जवळचा रस्ता वाटला, पण पुढे त्या पद्धतीचा वापर बराच ओसरला. कोणी ‘लवकर परत आणणारी’ पद्धत सुचवली तर शल्यविशारदाला स्पष्ट विचारावे की १७ वर्षांच्या, अजून अनेक वर्षे उड्या मारून पडणार असलेल्या मुलासाठी तो हेच निवडेल का. माझे स्वतःचे मत ठाम आहे की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धात्मक सामना खेळू देऊ नये, मग प्रशिक्षक काहीही म्हणोत.

बचावपटूच्या बाबतीत मी याविषयी अधिक आग्रही आहे. आक्रमक खेळाडू कुठे धावायचे ते स्वतः ठरवतो, तर बचावपटू त्याच्या हालचालीला उत्तर देत असतो. नजर चेंडूवर ठेवून मागे पळायचे, ऐन वेळी दिशा बदलायची, हवेत उडी घेऊन मुठीने चेंडू उडवायचा आणि कोणाचा तरी खांदा लागलेला असताना एका पायावर उतरायचे, हे त्याचे रोजचे काम आहे. म्हणून सरळ रेषेत धावणे आणि वजने उचलणे जमले एवढ्यावर ‘तंदुरुस्त’ असा शिक्का स्वीकारू नये. ठरवून केलेल्या उडीबरोबरच, समोरच्याच्या इशाऱ्यावर अचानक घ्यावी लागणारी दिशा आणि धक्का बसत असताना एका पायावर उतरणे यांचीही चाचणी फिजिओकडून करून घ्यावी.

आता त्या कार्यालयाविषयी. आमचा मुलगाही बचावफळीत खेळत असे आणि त्याचाही आधी डावा, मग उजवा गुडघा गेला. डाव्याच्या वेळी आमचा रुग्णालय विमा बेसिक, म्हणजे सर्वांत खालच्या, पातळीचा होता आणि त्यात सांध्यांची पुनर्रचना येत नव्हती. ती शस्त्रक्रिया आम्ही पदरमोड करून केली आणि नंतर त्यावरच्या ब्राँझ पातळीची पॉलिसी घेतली, कारण सांध्यांची पुनर्रचना त्या पातळीपासून समाविष्ट असते. पातळी वाढवल्यावर नव्या लाभांसाठी साधारण दोन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, पण दुखणे आधीपासूनचे ठरले तर तो १२ महिन्यांचा होतो. आमचे दोन महिने उलटून गेले होते, १२ व्हायचे होते, आणि अशात उजवा गुडघा भर सामन्यात, पंचांसमोर, गेला.

नियम असा आहे की विमा घेण्याच्या किंवा वाढवण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत त्या दुखण्याची चिन्हे किंवा लक्षणे होती का, एवढेच पाहायचे असते, आणि तो निर्णय कंपनीने नेमलेल्या डॉक्टरने, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची माहिती विचारात घेऊन, द्यायचा असतो. आमच्या उजव्या गुडघ्याला त्या काळात काहीही झालेले नव्हते. पण फिजिओच्या एका जुन्या नोंदीत ‘दोन्ही गुडघ्यांसाठी बळकटीचे व्यायाम’ असे वाक्य होते. डाव्या पायाचे पुनर्वसन करताना कोणताही फिजिओ दोन्ही पायांचा व्यायाम घेतो. त्या कार्यालयाने ते वाक्य उजव्या गुडघ्याचे लक्षण मानले. हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले, कारण दर वेळी फोनवर नवी व्यक्ती असे, ती पहिल्यापासून सगळे विचारी, आणि निर्णय लेखी मागितला की ‘तपासणी चालू आहे’ हेच उत्तर मिळे. कोणता डॉक्टर पाहतो आहे, त्याने कोणता कागद वाचला, त्याला शल्यविशारदाचे पत्र मिळाले का, यांपैकी एकाही प्रश्नाला सरळ उत्तर आले नाही. दरम्यान आमचा मुलगा घरात जिना उतरत असताना गुडघा निसटला आणि मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला, म्हणजे एका दुखापतीच्या दोन झाल्या. शेवटी आम्ही कॉमनवेल्थ ओम्बुड्समनकडे (केंद्र सरकारच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) तक्रार केली, कारण खासगी आरोग्य विम्याच्या तक्रारी तेथे विनामूल्य पाहिल्या जातात. त्यानंतर कंपनीने दावा मान्य केला. पण तोवर त्याच्या ड्राफ्टचे वर्ष निघून गेले होते. या गोष्टीचा राग मला आजही येतो, कारण त्या मुलाने स्वतःच्या हातात होते ते सर्व केले होते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की करिअरचा निर्णय बाजूला ठेवून या आठवड्यात कागद हाती घ्यावेत. शल्यविशारद आणि जीपी (नेहमीचे फॅमिली डॉक्टर) या दोघांकडून असे पत्र घ्यावे की ही अमुक तारखेला, सामन्यात झालेली, उजव्या गुडघ्याची नवी दुखापत आहे, आणि विमा घेण्याच्या किंवा वाढवण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत या गुडघ्याची तक्रार, सूज, वेदना किंवा अस्थिरता यांपैकी कशाचीही नोंद नाही. फिजिओला त्याच्या जुन्या नोंदींचा खुलासा लेखी मागावा आणि ‘उजव्या पायाचे व्यायाम केवळ पुनर्वसनाचा भाग म्हणून होते’ हे वाक्य त्यात यायलाच हवे. एमआरआयचे चित्र आणि अहवाल, पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद आणि क्लबचा दुखापत अहवाल यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. कंपनीशी फोनवर बोलणे झाले की लगेच ईमेलने ‘आज आपण मला असे सांगितलेत’ असे लिहून पाठवावे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवावी, पण ओम्बुड्समनकडे जाण्यासाठी अंतिम नकाराची वाट पाहत बसू नये, कारण अकारण विलंब हाही तक्रारीचा विषय होतो.

क्लबच्या अपघात विम्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य योजनेच्या) यादीत असलेल्या उपचारांचे पैसे अशा विम्याला कायद्यानेच देता येत नाहीत, त्यामुळे शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांच्या बिलातला, मेडिकेअर देत नाही तो, फरक त्यातून निघत नाही. फिजिओचे पैसे मात्र बहुधा काही प्रमाणात मिळतात, तेव्हा तो दावा मुदतीत दाखल करावा. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, मेडिकेअरमध्ये रुग्णवाहिका येत नाही, आणि व्हिक्टोरियात खेळणाऱ्या मुलाच्या घरी ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचे सभासदत्व असायलाच हवे.

पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी असे एका सदस्याने सुचवले आहे. तेथील शल्यविशारदांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही आणि खर्चही कमी येईल. पण शस्त्रक्रिया हा या कामाचा लहान भाग आहे. पुढचे वर्षभर गुडघा तपासणारा, फिजिओशी बोलणारा आणि गरज पडली तर विमा कंपनीला पत्र लिहिणारा माणूस जवळ असावा लागतो. नातेवाइकांचा आधार हवा असेल तर आजी-आजोबांनाच काही महिने इकडे बोलवावे.

राहिला व्यावसायिक स्वप्नाचा प्रश्न. सोडण्याचा निर्णय आत्ता, सुजलेल्या गुडघ्याने घेऊ नये, आणि चालू ठेवण्याचाही घेऊ नये. मात्र हे मुलाशी स्पष्ट बोलावे की ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत व्यावसायिक खेळाडू कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याबाहेर ठेवलेले आहेत. एएफएलच्या, म्हणजे फूटीच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या क्लबांच्या, यादीतल्या खेळाडूला क्लबचे उपचार मिळतात आणि खेळाडू संघटनेचा आधार असतो. त्या यादीबाहेर, म्हणजे व्हीएफएलसारख्या राज्यस्तरीय स्पर्धेत, खेळाडूला नोकरी किंवा शिक्षण सांभाळूनच खेळावे लागते. जिलाँगच्या मॅथ्यू ईगनला २००७ मध्ये सेंटर हाफ-बॅक (बचावफळीतला मधला खेळाडू) म्हणून ऑल-ऑस्ट्रेलियन मान मिळाला, त्याच हंगामात पायाच्या नाविक्युलर हाडाची दुखापत झाली, संघाने ४४ वर्षांनी अजिंक्यपद जिंकले तेव्हा तो मैदानाबाहेर होता, आणि त्यानंतर तो मुख्य संघातून एकही सामना खेळू शकला नाही. पुढे तो प्रशिक्षणाच्या क्षेत्रात गेला. खेळाच्या शिखरावर असलेल्या माणसाचीही ही अवस्था होते, म्हणून बारावीचा अभ्यास या वर्षी अजिबात मागे पडू देऊ नये.

ड्राफ्टमध्ये नाव आले नाही तरी दार बंद होत नाही. राज्यस्तरीय स्पर्धांतून मोठ्या वयात निवडले गेलेले खेळाडू दर वर्षी असतात आणि बचावपटूंना परिपक्व व्हायला तसाही वेळ लागतो. आमचा मुलगा ड्राफ्टनंतर व्हीएफएलमध्ये बचावफळीत खेळला आणि गुडघे चांगले असतानाच स्वतःच्या निर्णयाने थांबला. आपले थांबणे आपण ठरवले याचे त्याला समाधान आहे. तुमच्या मुलालाही ते ठरवण्याची संधी मिळावी, एवढ्यासाठी हे लांबलचक लिहिले.

पॉलिसीची पातळी तुम्ही कधी वाढवली आणि उजवा गुडघा कोणत्या तारखेला दुखावला, या दोन तारखा आणि कंपनीचे आलेले शेवटचे ईमेल नाव व क्रमांक झाकून येथे टाकलेत, तर ओम्बुड्समनकडच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.