कंपास आणि पट्टीने सुसम सप्तकोन अचूक काढता येतो का?

नाही, केवळ कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून सुसम सप्तकोन अचूक काढता येत नाही, आणि हे सिद्ध झालेले आहे. या साधनांनी दिलेल्या लांबीवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्याच क्रिया करता येतात; सप्तकोनासाठी मात्र ३६०/७ अंशांच्या कोज्येची (कोसाइनची) दुप्पट लागते, जी क्ष³ + क्ष² − २क्ष − १ = ० या समीकरणाचे मूळ आहे, आणि या त्रिघाती समीकरणाला एकही परिमेय मूळ नसल्याने ती लांबी वर्गमूळांच्या आवाक्याबाहेर राहते. जर्मन गणितज्ञ गाउसने १७९६ मध्ये सतरा बाजूंची सुसम आकृती रचता येते हे दाखवले, जो मला भूमितीतील अत्यंत देखणा शोध वाटतो. फ्रेंच गणितज्ञ वाँत्सेलने १८३७ मध्ये कोणत्या सुसम आकृती काढता येत नाहीत हे सिद्ध केले: बाजूंच्या संख्येचे विषम अविभाज्य अवयव ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा फर्मा संख्याच (२ च्या २, ४, ८ अशा घातांत किंवा २ मध्येच १ मिळवून येणाऱ्या) असावेत आणि प्रत्येक एकदाच यावा, म्हणून नवकोनही (९ = ३ × ३) जमत नाही. मात्र पट्टीवर दोन खुणा करण्याची मुभा असल्यास सप्तकोन अचूक काढता येतो. आकृतीपुरता हवा असल्यास एक वर्तुळ काढून त्यात बसणाऱ्या समभुज त्रिकोणाच्या निम्म्या बाजूइतका कंपास उघडून परिघावर सात खुणा कराव्यात; शेवटी सुमारे पाऊण अंशाची फट उरते.