बास्केटबॉल खेळाडू प्रत्येक मुलाखतीत टीमवर्क, चिकाटी आणि समाजाचं देणं याच तीन गोष्टी का सांगतात? त्यात खरं किती असतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजच्या बारा जणांच्या टीममध्ये बारावा, म्हणजे शेवटचा, म्हणून नंबर लागलाय, आणि कुठल्याही बास्केटबॉल खेळाडूची मुलाखत वाचली तरी तेच टीमवर्क, तीच चिकाटी, तेच समाजाचं देणं. हे मनापासून असतं की पाठ केलेलं, असा तुमचा प्रश्न.

पाठ केलेलं असतं. मीही केलंय. मॅच संपते, अंगावरचा घाम वाळलेला नसतो आणि समोर कुणीतरी मोबाईल धरून विचारतं, “यशाचं श्रेय कुणाला?” त्या वेळी डोकं चालत नाही, तोंड चालतं. पण पाठ केलेलं म्हणजे खोटंच असतं असं नाही. पाढेही पाठच करतो आपण.

मी पुण्यात खेळायला लागले, महाराष्ट्राकडून खेळले, मग खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली आणि खात्याच्या टीमकडून खेळले. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरतं ते बहुतेक असंच. लीग येतात आणि जातात. मधे पुरुषांची यूबीए लीग चालली, तिच्यात पुणे पेशवाज नावाची टीमसुद्धा होती. आज ती किती पुणेकरांना आठवते? महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेचा दबदबा आहे, त्याचं कारण सरळ आहे : रेल्वे नोकरी देते. २०२१ मध्ये जिला पद्मश्री जाहीर झाली ती चेन्नईची अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेत नोकरी करत खेळली. तेव्हा एनबीएतले, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले, कोट्यधीश डोळ्यांसमोर ठेवून माझं उत्तर वाचू नका. मी सकाळी प्रॅक्टिस करून दहाला ऑफिसात मस्टरवर सही करणाऱ्यांपैकी आहे.

टीमवर्क म्हटलं की लोकांना वाटतं, सगळे जिवलग मित्र, एका ताटात जेवणारे. मी जिच्याबरोबर सगळ्यात चांगलं खेळले तिच्याशी कोर्टबाहेर माझं फारसं पटायचं नाही. एका कॅम्पमध्ये तर आठवडाभर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. पण तिने स्क्रीन लावली, म्हणजे मला अडवणाऱ्या मुलीच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहिली, की ती कुठल्या बाजूने सुटणार हे मला न बघता कळायचं आणि पास तिच्या हातात जायचा. हे प्रेमातून येत नाही. खेळच तुम्हाला तसं खेळायला भाग पाडतो.

कसं ते बघा. कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. त्यात दहा जण. चेंडू मिळाल्यापासून आठ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं आणि चोवीस सेकंदांच्या आत शॉट घ्यायचा. हा चोवीस सेकंदांचा नियम पहिल्यापासून नव्हता. १९५० मध्ये एनबीएत फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. अख्ख्या मॅचचा स्कोअर बरं का हा! लेकर्सकडे जॉर्ज मिकनसारखा धिप्पाड खेळाडू, त्याच्या हातात चेंडू जाऊच द्यायचा नाही म्हणून पिस्टन्स चेंडू धरून बसले. प्रेक्षक वैतागले. शेवटी १९५४ मध्ये शॉट क्लॉक आलं. हिशोबही मजेशीर होता : ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, बऱ्या मॅचमध्ये दोन्ही टीमचे मिळून साधारण १२० शॉट होतात, भागाकार करा, २४ आले. आंतरराष्ट्रीय नियमांत आधी तीस सेकंद होते, २००० पासून तिथेही चोवीस झाले. आता एवढ्या वेळात एकट्याने ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पळत, पाच जणांना चकवायचं म्हटलं तर एखाद्‌दोन वेळा जमेल, पुढच्या वेळी दोघं अंगावर येतील. चेंडू ड्रिबलपेक्षा पासने लवकर पोहोचतो, एवढं साधं गणित आहे.

डिफेन्समध्ये तर याहून उघड दिसतं. तुम्ही तुमच्या माणसाला अडवताय, तुमची नजर त्याच्या कमरेवर आहे, आणि मागून प्रतिस्पर्धी स्क्रीन लावायला येतोय. तो तुम्हाला दिसणं शक्यच नाही. तुमच्या मागच्या सहकाऱ्याने “स्क्रीन लेफ्ट!” असं वेळेवर ओरडलं तर तुम्ही वाचता, नाही ओरडलं तर समोरच्याच्या खांद्यावर आपटता आणि तुमचा माणूस आरामात लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन सोपा शॉट, मारून येतो. आमचे सर प्रॅक्टिसमध्ये सारखं “बोला, बोला” म्हणायचे. भिडस्त मुलींना याचाच सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. घरात मोठ्याने बोलू नको म्हणून वाढलेल्या मुलीला कोर्टवर घसा फोडून ओरडायला शिकवणं हे ड्रिबल शिकवण्याहून अवघड काम आहे.

आता एक असं उदाहरण, जे सगळ्यांना माहीत असतं पण अर्धंच. २०१३ ची एनबीए फायनल, सहावी मॅच. सॅन अँटोनियो स्पर्स पाच गुणांनी पुढे, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला, ही मॅच जिंकली की विजेतेपद त्यांचं. अंतर तीनवर आलं आणि शेवटी मायामीच्या रे ॲलनने ५.२ सेकंद बाकी असताना कोपऱ्यातून थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, मारला, बरोबरी झाली, ओव्हरटाइममध्ये मायामी जिंकली आणि मग सातवीही जिंकली. तो शॉट लोकांनी शेकडो वेळा पाहिला असेल. पण त्याच्या आधी मायामीच्याच लेब्रॉन जेम्सचा शॉट चुकला होता. तो रिबाउंड, म्हणजे चुकून परत उडालेला चेंडू, दाटीतून त्यांच्या ख्रिस बॉशने काढला आणि मागे मागे जात कोपरा गाठणाऱ्या ॲलनला दिला. रिबाउंड नाही तर शॉट नाही. स्पर्सचं पुढच्या वर्षी काय झालं, तर त्याच मायामीला ४-१ ने हरवलं, आणि तेही असे पास खेळून की बघणाऱ्याला चेंडू कुणाकडे आहे हे शोधावं लागायचं.

बॉशच्या रिबाउंडवर मी एवढं का अडले, ते सांगते. तुमच्या तिन्ही गोष्टींचं मूळ मला तिथेच दिसतं.

शूटिंगची प्रॅक्टिस एकट्याने करून बघा. शॉट मारला, चेंडू रिंगला लागून कुठेतरी गेला, धावत जाऊन आणला, परत जागेवर आलात, श्वास घेतला, मग दुसरा शॉट. तासातला अर्धा वेळ चेंडू आणण्यात जातो, आणि हाताची लय बसतच नाही. रिंगखाली कुणी उभं असेल तर चित्रच बदलतं. चेंडू जाळीतून पडायच्या आत तिच्या हातात आणि पुढच्या क्षणी छातीच्या उंचीवर तुमच्या हातात. माझ्यासाठी आमच्या एक सीनियर ताई उभ्या राहायच्या. सिमेंटचं कोर्ट, जाळी एका बाजूने सुटलेली, चेंडूवरचे दाणे घासून गुळगुळीत झालेले. त्या दिवसभर नोकरी करून यायच्या, पायात साध्या चपला, आणि पास देता देता फक्त दोन शब्द बोलायच्या. शॉट डावीकडे गेला की “कोपर”, आखूड पडला की “गुडघे”. तिसरा शब्द नाही. पावसाळ्यात तर त्या माझ्याआधी येऊन वायपरने कोर्टवरचं पाणी काढत असायच्या. पुण्यात ज्यांनी उघड्या कोर्टवर जून ते सप्टेंबर प्रॅक्टिस केलीय त्यांना वायपरचं महत्त्व सांगायला नको.

माझा प्रत्येक चांगला शॉट म्हणजे कुणीतरी माझ्यासाठी वाकून उचललेला चेंडू आहे. म्हणून मुलाखतीत “टीममुळे” हा शब्द येतो तेव्हा तो कितीही घासून बोथट झालेला असला तरी बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असं एखादं माणूस असतं. नाव छापून येत नाही, एवढंच.

चिकाटीबद्दल मात्र मला थोडी तक्रार आहे. हार मानू नका, हे वाक्य मुलांना चुकीच्या गोष्टीला चिकटवून ठेवतं. मी शाळेत सगळ्यात उंच, म्हणून सेंटर. रिंगखाली उभं राहायचं, चेंडू आला की वळून टाकायचा, शाळेच्या स्पर्धांत तेवढं पुरायचं. मग दहावीनंतर माझी उंची पाच फूट सात इंचांवर थांबली ती थांबलीच, आणि राज्याच्या ट्रायल्सना गेले तर सहा फुटी मुली उभ्या. तिथे चिकाटीने सेंटरच खेळत राहिले असते तर आज हे उत्तर लिहीत नसते. सरांनी सांगितलं, गार्ड हो, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारी. म्हणजे ज्या वयात इतर गार्ड मुली न बघता दोन्ही हातांनी ड्रिबल करत होत्या, त्या वयात मी डाव्या हाताने चेंडू जमिनीवर आपटायला शिकत होते. डाव्या हाताने दात घासणं, कुलूप उघडणं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन चेंडू एकदम आपटत चालणं. वॉचमन मामांना वाटायचं, मुलीचं काहीतरी बिनसलंय. यात प्रेरणादायी असं काही नव्हतं. कंटाळवाणं होतं, आणि आपल्याहून तीन वर्षांनी लहान मुलीने चेंडू काढून घेतला की लाज वाटायची.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडे चिकाटीची खरी परीक्षा कोर्टवर होतच नाही. ती दहावीत होते. क्लास लागला की मूल ग्राउंडवरून गायब. काही पालक तर सरळ विचारतात, “वाढीव मार्कांपुरतं सर्टिफिकेट मिळेल ना?” त्यांना दोष देत नाही, मार्कांची मारामारी मीही पाहिलीय. पण पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी मुलगी भारताची कर्णधार होते, तेव्हा बाकीच्या मुली दहावीत कुठे गेल्या हे विचारायला कुणी जात नाही.

राहिलं समाजाचं देणं. यात दिखावा भरपूर आहे, तुमचा संशय रास्त आहे. एनबीएने २००५ मध्ये एनबीए केअर्स हा समाजकार्याचा उपक्रम सुरू केला ते चांगलंच काम आहे, पण ते लीगची प्रतिमा उजळण्यासाठीही होतं, हे लपून राहिलेलं नाही. आपल्याकडेही एका रविवारी शिबिर होतं, बॅनर, टी-शर्ट, पाहुण्यांच्या हस्ते पहिला शॉट, जो हमखास चुकतो, आणि फोटो. माझी कसोटी एकच : तिसऱ्या रविवारी कोण आलं?

पण डिकेंबे मुटोंबोचं उदाहरण घ्या. कॉंगोतल्या किन्शासाचा मुलगा, डॉक्टर व्हायचं म्हणून स्कॉलरशिपवर अमेरिकेत जॉर्जटाउनला गेला आणि सात फूट दोन इंच उंचीमुळे बास्केटबॉलमध्ये ओढला गेला. १९९१ ते २००९ एनबीएत खेळला, ३२८९ ब्लॉक, म्हणजे आजवर फक्त हकीम ओलाजुवॉन त्याच्या पुढे. शॉट अडवला की बोट हलवून ‘इथे नाही’ म्हणायचा, तोच तो. त्याची आई किन्शासात वारली, कारण अशांततेमुळे संचारबंदी होती आणि तिला हॉस्पिटलपर्यंत नेता आलं नाही. त्याने स्वतःचे कोट्यवधी डॉलर घालून त्याच शहरात आईच्या नावाने हॉस्पिटल उभं केलं आणि २००७ मध्ये तिथे रुग्ण यायला लागले. २०२४ मध्ये तो गेला, हॉस्पिटल चालू आहे. याला दिखावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या ऐपतीत हॉस्पिटल बसत नाही. माझ्या ओळखीतले खेळाडू देतात ते वेळ आणि बूट. बूट म्हणजे खरोखर बूट : सिमेंटवर सोल लवकर झिजतात, पण इनडोअर खेळणाऱ्याचे जुने बूट वस्तीतल्या मुलीला एक हंगाम सहज पुरतात. आणि रिंगखाली उभं राहायला पैसे लागत नाहीत. मी शनिवार-रविवार सकाळी तेच करते. माझ्या बोलण्यात आता “कोपर” आणि “गुडघे” याशिवाय फारसं काही नसतं, अशी मुलींची तक्रार आहे.

आता तुमच्या बाराव्या नंबराबद्दल, जो मला वाटतं तुमचा खरा प्रश्न आहे. बेंचवरून स्क्रीन कोर्टपेक्षा आधी दिसते. ओरडा. प्रॅक्टिसनंतर तुमच्या टीमच्या शूटरला विचारा, रिबाउंड काढून देऊ का. नाही कुणी म्हणत नाही, आणि मग तुमच्या शॉटच्या वेळी तो निघून जाऊ शकत नाही. इंटरकॉलेजिएटला रोज मॅच असली की पाय जड होतात, पाच फाउल झाले की चांगला खेळाडूही बाहेर जातो, आणि अशा वेळी कोच बेंचकडे बघतात तेव्हा ज्याचे बूट बांधलेले आहेत तो आत जातो. आणि हो, मॅचआधी स्कोअरशीटवर आपलं नाव आणि जर्सीचा नंबर बरोबर आहे ना ते स्वतः जाऊन बघा. पहिल्या पाचांचं सगळे तपासतात, बाराव्याचं कुणी तपासत नाही.