तिसऱ्या क्लॅरिनेटचं पान

बाय,

तुझी यादी पोचली. बँडच्या डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी अकरा रचना, प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह, आणि शेवटी 'सर, लोकांना काय आवडेल तेच कळत नाही.' लोकांचं नंतर बघू. आपला फोंड्याचा माणूस जत्रेत रात्रभर नाटकाला बसतो, तुझा तासाभराचा बँड त्याला जड नाही. मला एवढंच सांग, या अकरापैकी किती रचनांचं तिसऱ्या क्लॅरिनेटचं पान, म्हणजे पहिल्या-दुसऱ्याच्या मागे बसणाऱ्या क्लॅरिनेटवाल्यापुढचा कागद, तू वाचलंस?

एकाही नाही. तू यूट्यूबवर ऐकलंस. तिथे तिसरं क्लॅरिनेट ऐकूच येत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

यादीत पहिलं '१८१२ ओव्हर्चर' बघून मला हसू आलं, मग नाही आलं. तुझ्याहून थोडा मोठा असताना मीही तेच घेतलं होतं. रशियन संगीतकार चायकॉव्स्कीने १८८० साली ते लिहिलं मोठ्या वाद्यवृंदासाठी. बँडसाठी उतरवताना व्हायोलिनच्या धावत्या जागा पहिल्या क्लॅरिनेटकडे जातात, तिसऱ्याच्या वाट्याला मधला भराव उरतो. आम्ही मूळ रचनेतल्या तोफांच्या जागी मोठा ड्रम बडवला. टाळ्या कडाडल्या, मी तीनदा वाकलो. तिसऱ्या खुर्चीवर आमच्याकडे सायकली दुरुस्त करणारा एक जण बसायचा. नखांतलं ग्रीस घासून काढून मगच वाद्याला हात लावायचा. त्याच आठवड्यात त्याने बँडचं क्लॅरिनेट परत आणून दिलं. आतून पुसलेलं, नवी रीड लावलेली. 'दुकानातून सवड होत नाही,' म्हणाला. मी 'बरं' म्हटलं, बस्स.

कित्येक महिन्यांनी त्याचं पान माझ्या हाती लागलं, ते घरी वाजवून पाहिलं. लांब धरलेले सूर, मग विश्रांती, मग परत तेच सूर. विश्रांतीच्या मात्रा त्याने पेन्सिलीने मोजून ठेवल्या होत्या, बारीक अक्षरात, पानभर. एकही चुकलेली नव्हती.

तेव्हापासून मी रचना निवडताना स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र वही, उघडत नाही. आधी तिसऱ्या क्लॅरिनेटचं पान काढतो आणि स्वतः वाजवतो. त्यात ओठ आणि बोटं गुंतली तर पुढचं बोलायचं. तूही तेच कर. आणि वाजवताना बघ, क्लॅरिनेटच्या 'घशातल्या', म्हणजे मधल्या पट्ट्यातल्या, बी फ्लॅटवरून त्याच्या वरच्या बी सुरावर किती वेळा उडी आहे. एका सुराला जवळपास सगळी भोकं उघडी, पुढच्याला सगळी बंद. दोन वर्षं शिकलेल्या मुलाच्या सुराचं तिथे बदक होतं. चारदोन उड्या चालतील, शिकेल. प्रत्येक ओळीत असतील तर ते पान त्याच्यासाठी नाही.

इंग्रज संगीतकार होल्स्टचा ई फ्लॅटमधला पहिला सूट (छोट्या भागांची मालिका) तू 'जुना' म्हणून खोडलास. परत लिही. १९०९ चा आहे, खास बँडसाठी लिहिलेला. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलेला माणूस, शाळेतल्या मुलींना आणि हौशी प्रौढांना शिकवणारा. बरीच वाद्यं त्याने ऐच्छिक ठेवली, म्हणजे आपल्यासारख्यांची खुर्ची रिकामी राहिली तरी छप्पर कोसळत नाही. पहिल्या भागाची चाल सुरू होते ट्युबा आणि युफोनियम या खर्जातल्या पितळी वाद्यांवर, इतर बँडांत जे नुसते 'पों पों' करतात त्यांच्याकडे! मग ती बँडभर फिरते. मी तो सूट सात वेळा लावला. माझ्या पाठीमागे 'मास्तरांना दुसरं येत नाही' म्हणायचे, मला ठाऊक होतं. म्हणोत. त्या सात कार्यक्रमांत एकानेही वाद्य परत केलं नाही. (दोघे दुबईला गेले, ते मी धरत नाही.)

नाट्यगीत घ्यायचंय, घे. मंगेशी हाकेच्या अंतरावर, दीनानाथांच्या गावाशेजारी बसून नाट्यगीत नको कसं म्हणू? पण गायकाची पट्टी जशीच्या तशी उचलू नकोस. पांढरी तीन, म्हणजे ई, ठेवलीस तर क्लॅरिनेटच्या पानावर (ते एक सूर वर लिहितात) सहा शार्प येतात. अर्धा सूर उतरून काळी दोनवर, म्हणजे ई फ्लॅटवर, आण, एक फ्लॅट उरतो. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणं, कॉर्नेटच्या पिस्टनवर येत नाही, तिचा हट्ट सोड. आणि सगळ्यांना एकच चाल देऊन मोकळी होऊ नकोस. मिरवणुकीत ते खपतं, सभागृहात दहाव्या मिनिटाला कान किटतात.

त्यापेक्षा मांडो बघ, आपलं संथ कोंकणी नृत्यगीत. तू तो यादीत घेतलाच नाहीस, 'लग्नातला' म्हणून असेल. अगं, मांडो मुळातच दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज तिसऱ्या-सहाव्या सुरावरून सोबत चालतो. तो दुसरा आवाज उचलून तिसऱ्या क्लॅरिनेटला दे, संथ सहा मात्रांत, खालच्या सप्तकात, जिथे ते वाद्य सगळ्यात गोड बोलतं. मागोमाग दुलपद, त्याच्या जोडीचं जलद गाणं, म्हणजे पाय हलतील. तयार पार्ट मिळत नाहीत हे कारण सांगू नकोस. आपल्याच गोव्याच्या सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन केलं, तेव्हा लॅपटॉप नव्हते. तुझ्याकडे आहे.

बाकीचं तुला कळतं. ओठ थकवणाऱ्या दोन रचना पाठोपाठ ठेवायच्या नाहीत, पावसात फुगलेले चाव्यांखालचे पॅड सप्टेंबरातच बदलून घ्यायचे.

रागावलीस? रागाव. रविवारी चारला घरी ये, क्लॅरिनेट घेऊन. अकराही रचनांची तिसऱ्याची पानं आण, १८१२ चंसुद्धा. पहिल्याचं तू वाजव, तिसऱ्याचं मी वाजवतो. मात्रा मोजायला पेन्सिल मात्र तुझी आण, माझ्या घरात एकही धड नाही.

तुझा,
सर