वेगवेगळ्या मूडला साजेसे विणलेले कपडे कसे जमवावेत?

तुम्ही लिहिलंय की कपाटात चार स्वेटर आहेत, चारही विकतचे, राखाडी, गोल गळ्याचे. विणकाम बऱ्यापैकी येतं, राहता नाशिकला, आणि मन रोज वेगळं असताना अंगावर मात्र तेच ते चढवावं लागतं याचा कंटाळा आलाय. मीही नाशिकचीच. वीसेक वर्षं विणतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लगेच लोकर आणायला धावू नका. एक हिवाळाभर छोटी वही ठेवा. रोज रात्री दोनच ओळी लिहायच्या: आज काय घातलं, दिवस कसा गेला, आणि स्वेटर किती वाजता काढून टाकला. ही शेवटची नोंद सगळ्यात जास्त शिकवते. मला वाटायचं माझा मूड रंगावर चालतो, म्हणून उत्साहाच्या दिवसांसाठी मी तीन महिने खपून लालभडक, उंच गळ्याचा स्वेटर विणला होता. वहीत तो दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा पुढे लिहिलं होतं, ‘अकराला काढला’. गळ्याशी काही टेकलं की माझा जीव घुसमटतो, हे त्या नोंदींनी दाखवलं. मग तो उसवला आणि त्याच लोकरीची व्ही गळ्याची, बिनबाह्यांची बंडी विणली. लाल तोच, पण ती आता आठवड्यातून दोनदा तरी अंगावर असते. तेव्हापासून नवीन काही विणायला घेताना आधी गळा, वजन आणि सैलपणा ठरवते. रंग त्यानंतर.

दमलेल्या, गप्प बसावंसं वाटणाऱ्या दिवसासाठी माझी आवडती वीण म्हणजे सगळ्या ओळी सुलट टाक्याच्या. शिकताना पहिल्यांदा हीच घालतो आणि मग तिला विसरून जातो. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडा गुंडाळल्या जात नाहीत, आणि कापड जाड, मऊ, गादीसारखं होतं. 8 नंबरच्या सुया घ्या. (आपल्याकडचे जुने नंबर उलटे चालतात, 8 म्हणजे 4 मिमी आणि 12 म्हणजे 2.75 मिमी.) समोरून उघडं, मांडीपर्यंत लांब कार्डिगन करा, छातीच्या मापापेक्षा चार-पाच इंच सैल. खिसे मात्र पूर्ण पंजा आत जाईल इतके खोल हवेत.

माझं असं कार्डिगन आईच्या जुन्या स्वेटरमधून आलंय. वांगी रंगाचा होता, कोपरांवर विरलेला, मला खांद्यात आवळ. उसवायला बसले तेव्हा लोकर शेवयांसारखी कुरळी होऊन निघायला लागली. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड्या केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि खाली हलकं वजन अडकवून सावलीत टांगल्या. दुसऱ्या दिवशी धागा सरळ. कोपरांचा भाग वाया गेला, म्हणून लोकर कमी पडली, तेव्हा मनगटाच्या पट्ट्या मोरपिशी घातल्या. खूप वाईट गेलेल्या दिवशी मी दुसरं काही शोधतच नाही.

कामाच्या दिवशी मला उलट हवं असतं, अंगासरशी बसणारं. त्यासाठी बारीक लोकर, 11 किंवा 12 नंबरच्या सुया, आणि दोन सुलट दोन उलट. ही वीण अंगाला धरून राहते आणि माणूस आपोआप ताठ बसतो. एसी ऑफिसात कुर्त्यावर असा पातळ स्वेटर छान दिसतो. बागकाम, भटकंती, घर आवरणं असल्या दिवसांसाठी रॅग्लन बाहीचा करा. हे नाव ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन यांच्यावरून आलं, ज्यांनी 1815 साली वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावला होता. या बाहीची शिवण गळ्यापासून तिरकी काखेत येते, त्यामुळे मुंढा मोकळा राहतो आणि हात वर केला तरी स्वेटर पोटावर चढत नाही.

आता आनंदाचे दिवस. इथे रंगांची हौस खुशाल करा, पण आपली हवा बघून. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचं फेअर आइल विणकाम मला अतिशय प्रिय आहे. नक्षीत कितीही रंग दिसले तरी एका ओळीत दोनच धागे चालतात. जो धागा कामात नसतो तो मागून जातो, त्यामुळे कापड जवळजवळ दुहेरी होतं. तिथल्या वाऱ्यात तेच हवं. आपल्याकडे मात्र पहाटे निफाडला पारा पाचाच्या खाली उतरला तरी दुपारी ऊन चटकतं, मग पूर्ण बाह्यांचा फेअर आइल स्वेटर कपाटातच राहतो. म्हणून बिनबाह्यांची बंडी करा, किंवा नक्षी फक्त गळ्याभोवती घ्या. वेण्यांच्या विणीचंही तसंच. वेणी कापड आत ओढते, टाके जास्त लागतात आणि वजन वाढतं. पुढच्या भागावर मधोमध एकच जाड वेणी घातली तरी डोळ्यांत भरते.

लग्नसमारंभाला साडीवर स्वेटर मला कधीच पटला नाही. जाळीच्या विणीची शाल विणा. सुईवर असताना ती चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसेल, तरी धीर सोडू नका. ओली करून गादीवर टाचण्यांनी ताणून वाळवली की एकेक पान, एकेक छिद्र उघडतं. पावसाळ्यासाठी सुती धागा घ्या, पण सुताला लोकरीसारखा लवचिकपणा नसतो, लांब कपडा आपल्याच वजनाने ओघळतो. आखूडच ठेवा.

लोकर निवडताना चार इंचांचा चौकोनी नमुना विणा, धुवा, आणि अर्धा दिवस कॉलरच्या आत मानेला लावून फिरा. 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू सहसा टोचतात, मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचे 24 च्या आत असतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, ती घोंगडीतच शोभते. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपं आहे, पण खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल शोषूनही ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक चटकन चिकट लागतं. अंगालगतच्या कपड्याला तरी खरी लोकर घ्या.

सगळं एका वर्षात करू नका. पूर्ण बाह्यांच्या मध्यम जाडीच्या स्वेटरला 400 ते 500 ग्रॅम लोकर लागते, आणि नोकरी सांभाळून हिवाळ्याला एक झाला तरी पुष्कळ.

तुमच्या राखाडी स्वेटरांपैकी दोन ठेवा, बाकीचे दोन उलटे करून बाजूची शिवण बघा. ओव्हरलॉक, म्हणजे कापलेल्या कडेवर मशीनने दोरे गुंडाळलेली शिवण असेल, तर कापड कापून शिवलेलं आहे, उसवलं की वीतवीतभर तुकडेच हातात येतील, तेव्हा हात लावू नका. पण कडेचे टाके अखंड असतील आणि शिवण साखळीसारखी सुटत असेल, तर धागा सलग निघेल. राखाडीत हळदी पिवळा फार सुंदर खुलतो, दोन स्वेटरांत एक सैल कार्डिगन सहज होईल. लेबलवर काय लिहिलंय आणि तुमचं छातीचं माप किती ते खाली कळवा, टाक्यांचा हिशेब मी मांडून देते.